हवामान बदलावर पाठपुरावा करायचा तर छोट्या संस्थेने सुरुवात कुठून करावी?

माझ्या मते, आपल्या पालिकेपासून. अहमदाबादचं बघा. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे 1,300 मृत्यू जास्त झाले, हे संशोधकांनी नंतर मृत्यूनोंदी तपासून दाखवलं. 2013 मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा, म्हणजे उष्णतेच्या लाटेत कोणी काय करायचं याची योजना, आणला. महिला हाउसिंग ट्रस्ट या स्वयंसेवी संस्थेने वस्त्यांतल्या छपरांना उन्हं परतवणारा पांढरा रंग लावण्याचं काम केलं. भर दुपारी तापल्या पत्र्याखाली शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला ‘उत्सर्जन’ समजावत बसू नका. तिच्या खोलीतलं तापमान रोज वहीत लिहून घ्या आणि तिलाच सोबत घेऊन नगरसेवकाकडे जा. अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यातच होते, म्हणून निवेदन दिवाळी झाली की लगेच द्या.