अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसासाठी डायपर, चादरी वगैरे किती आणून ठेवावं?

सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, दोन-चार दिवसांत दवाखान्यातून घरी आणायच्यात आणि काय किती आणावं कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीचा. वडिलांचं हे सगळं आम्ही नवरा-बायको घरीच करतो, त्यावरून सांगतो.

आधी घाऊक खरेदी करू नका. एकच पाकीट आणा. डायपरचा साइज कमरेच्या घेरावर असतो आणि पाकिटावर छापलेला असतो, तेव्हा टेपने घेर मोजूनच दुकानात जा. मोठा घेतलेला बरा असं वाटतं, पण मांडीपाशी सैल राहिला की रात्री सगळी गादी ओली. झोपून असलेल्या माणसाला चड्डीसारखा नको, चिकटपट्ट्यांचा घ्या. कुशीवर वळवून बदलता येतो.

दिवसाला चार धरा, पोट बिघडलं तर जास्तही लागतात. पण खरी बचत डायपर कमी लावण्यात आहे. आम्ही आण्णांना, म्हणजे वडिलांना, दिवसा लावतच नाही. सकाळी चहा झाला की कमोडच्या खुर्चीवर बसवतो, मग दर दोन-तीन तासांनी युरीन पॉट. सासूबाईंना बेडपॅन लागेल. बसवायचं की नाही ते मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. रात्री डायपर. आण्णांचा जन्म मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेला, त्यामुळे रोज पट्ट्या लावताना विचारतात, "झालं का रं पोतं शिवून?" एवढं हसू निघतं म्हणून तर रात्र पार पडते.

खाली मेणकापड आणि त्यावर जुन्या सुती साडीच्या दुहेरी घड्या. असे आठ-दहा तुकडे फिरते ठेवा. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, तेवढ्यापुरते वापरून टाकायचे अंडरपॅड आणा. त्वचेला जिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा, तेही कोमट पाण्याने पुसून, टिपून कोरडं केल्यावर. पावडर नको, घामाने घडीत तिचे गोळे होतात. बायकांना पुसताना कायम पुढून मागे. हातमोज्यांचा डबा आणि कचऱ्याच्या पिशव्या पलंगापाशीच हव्यात. मोठी पाकिटं मात्र कपाटात. भेटायला येणाऱ्यांच्या नजरेला पडली की म्हातारं माणूस मान वळवून झोपतं.

साठा एरवी आठवड्याचा पुरे, मेडिकल जवळ असतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचा हिशेब वेगळा. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या महापुरात काय झालं ते अख्ख्या सांगलीने बघितलंय. त्यामुळे आषाढ लागला की पंधरा दिवसांचं सामान प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर जातं. नदीकाठी राहत असाल तर तुम्हीही करा.

वापरलेल्या डायपरमधली शी आधी संडासात झटका, मग घट्ट गुंडाळून, कागदात बांधून घंटागाडीला वेगळं द्या. ओल्या वाइप्स संडासात टाकू नका, चोकअप झालं की माणूस मिळेपर्यंत घरादाराची पंचाईत.

पाठीला किंवा माकडहाडापाशी लाली दिसली आणि दाबून सोडल्यावरही गेली नाही, किंवा ताप येऊन माणूस अचानक बरळायला लागलं, तर सामान बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.