वाचकांचे प्रश्न : एकराचे ४३,५६० फूट

प्रश्न : एकरात ४३,५६० चौरस फूट. कपाशी चार बाय दीडवर धरली की झाडांचा आकडा पुरा येतो, संत्र्याला अठरा बाय अठरा धरलं की अपूर्णांक येतो. असं का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : संख्येचे मूळ अवयव पाडा. आधी २ ने जाईल तितका भाग द्या, मग ३, ५ आणि ११ ने. हाती येतं २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११. यापलीकडे काही नाही. ७ ने भागाल तर बाकी ६ उरते. ११ दोनदा आला तो जुन्या मोजणीतून. इंग्रज गणिती एडमंड गुंटर यांची १६२० सालची जमीन मोजायची साखळी ६६ फुटांची. एक साखळी रुंद, दहा साखळ्या लांब पट्टा, म्हणजे ६६ × ६६० फूट, म्हणजे एकर.

कपाशीच्या एका झाडाला ४ × १.५ = ६ चौरस फूट. त्याला एक २ आणि एक ३ पुरतो, म्हणून झाडं बरोबर ७,२६०. चार बाय दोनला तिन्ही २ खर्ची पडतात, तरी भाग जातो : ५,४४५. चार बाय चारला मात्र २ चारदा हवा, आहे तीनदाच, म्हणून २,७२२.५. संत्र्याचे १८ × १८ = ३२४. यात ३ चारदा येतो, आपल्याकडे दोनदाच, उत्तर १३४.४४. बावीस बाय बावीसला बघा : ४८४ मध्ये २ दोनदा, ११ दोनदा, दोन्ही आहेत. झाडं पुरी ९०.

कलमं मागवताना एवढ्यावर थांबू नका, वावराची लांबी-रुंदी वेगवेगळी भागा. ६६ × ६६० च्या पट्ट्यात प्रत्येक झाडाला धुऱ्याच्या आत पुरा १८ फुटी चौकोन द्यायचा तर रुंदीत ३ आणि लांबीत ३६, म्हणजे १०८ झाडंच बसतात. १३४ मागवली तर २६ कलमं पडून राहतील. २२ फुटांवर ३ × ३० = ९०; इथे कागद आणि वावर जुळतात.

प्रश्न : एक एकराचं वावर नेमकं चौरस करायचं तर बाजू किती फूट?

उत्तर : सुमारे २०८.७१, पुऱ्या फुटांत येणारच नाही. पूर्ण वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव सम वेळा लागतो. इथे २ तीनदा आणि ५ एकदा, दोघांचीही जोडी अधुरी. २ × ५ = १० ने गुणलं की जोड्या पुऱ्या होतात : ४,३५,६०० = ६६० × ६६०. पुऱ्या एकरांचा, पुऱ्या फुटांच्या बाजूचा सगळ्यात लहान चौरस दहा एकरांचा. हा गुणधर्म आम्हाला फार देखणा वाटतो. गुंठा मात्र एकटाच चौरस होतो : ३३ × ३३ = १,०८९.

प्रश्न : सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर म्हणजे एक एकर ना?

उत्तर : नाही. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर. एक आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, १,०७६.३९ चौरस फूट, म्हणून ४० आर सुमारे ४३,०५६ होतात. एकराला ५०४ फूट कमी. पाच एकर समजून २.०० हेक्टर घेतलं तर तूट २,५२२ फुटांची. पुरा एकर ०.४०४७ हेक्टर भरतो. एकराला ४० गुंठे लागतात, ४० आर नव्हे; खरेदीखत करण्याआधी आकडा आरमध्ये आहे की गुंठ्यात, ते तपासा.