वॉरंटीचा फोन आणि आपली भीड

अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत हा फोन कधी ना कधी येऊन गेलेला असतो. ध्वनिमुद्रित आवाज इंग्रजीत सांगतो, की तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे, ही शेवटची सूचना आहे, प्रतिनिधीशी बोलायचे असल्यास एक दाबा आणि यादीतून नाव काढायचे असल्यास दोन दाबा. येथे मुरलेली माणसे पहिल्याच वाक्याला फोन ठेवतात. नुकतीच आलेली कुटुंबे आणि सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आईवडील मात्र तो शेवटपर्यंत ऐकून घेतात, म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे.

माझी आई न्यू जर्सीत आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी घरी परतले तर ती दारातल्या गाडीपाशी वाकून उभी होती. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला, चष्मा कपाळावर, आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा गाडीचा सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक (नंबरप्लेटवरचा नव्हे) ती एकेक अक्षर करून वाचून दाखवत होती. त्या सतरांपैकी अकरा अक्षरे सांगून झाली होती. मी फोन घेऊन बंद केला, तेव्हा ती कानकोंडी होऊन म्हणाली, "अगं, इतक्या आदराने बोलत होता, मध्येच कसा ठेवायचा?"

तो क्रमांक तसा गुप्त नसतो. रस्त्याने जाणाऱ्यालाही काचेतून दिसतो. पण त्यावरून गाडीची कंपनी, मॉडेल आणि वर्ष कळते, मग बोलणारा ती माहिती आपल्यालाच परत ऐकवतो, आपला विश्वास बसतो आणि पुढचा प्रश्न थेट क्रेडिट कार्डाचा येतो.

मुळात या लोकांना आपल्या गाडीविषयी बहुधा काहीच ठाऊक नसते. येथील दूरसंचार नियामक आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ऑगस्ट २०२३ मध्ये अशाच एका टोळीला जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्या टोळीने २०२१ मध्ये अवघ्या तीन महिन्यांत ५० कोटींहून अधिक क्रमांकांवर ५०० कोटींहून अधिक फोन केले होते. इतक्या क्रमांकांमागे कोणाची गाडी जुनी आणि कोणाची नवी हे कोणी पाहत बसत नाही. ज्याच्याकडे गाडीच नाही, त्यालाही वॉरंटी संपल्याचा फोन येतो. पडद्यावर आपल्याच एरिया कोडचा क्रमांक दिसला, तरी फोन शेजारच्या गावातून आला असे मानू नये, कारण दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो.

म्हणून एकही दाबू नये आणि दोनही दाबू नये. दोन दाबल्याने नाव निघत नाही. या क्रमांकावर फोन उचलणारे माणूस आहे, एवढे मात्र त्यांना कळते. काही न बोलता फोन ठेवावा. भीड भिकेची बहीण, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ध्वनिमुद्रित आवाजाची भीड बाळगण्याचे तर काहीच कारण नाही. सरकारच्या 'डू नॉट कॉल' यादीत क्रमांक विनामूल्य नोंदवता येतो आणि तो जरूर नोंदवावा; मात्र ती यादी कायदा पाळणाऱ्या कंपन्यांना थोपवते, ठगांना नाही.

वॉरंटीची खरीच शंका असेल, तर गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढावी किंवा डीलरचा क्रमांक स्वतः शोधून त्याला फोन करावा. ही खबरदारी जुनी गाडी घेणाऱ्यांनी विशेष घ्यावी, कारण मूळ वॉरंटी किती उरली आहे हे त्यांना बहुधा माहीत नसते. फोनवर जी 'वाढीव वॉरंटी' विकली जाते, ती सहसा उत्पादकाची वॉरंटी नसून दुरुस्तीचा स्वतंत्र करार असतो, आणि लेखी अटी हाती येण्यापूर्वी त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नकारच द्यावा. गाडीत सुरक्षेचा दोष निघून रिकॉल झाला असेल, म्हणजे उत्पादकाने ती दुरुस्तीसाठी परत बोलावली असेल, तर ते एनएचटीएसए या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तोच सतरा अक्षरांचा क्रमांक टाकून पाहता येतो, आणि ती दुरुस्ती सहसा विनामूल्य असते.

पैसे गेलेच असतील, तर त्याच दिवशी कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवावे. क्रेडिट कार्डावरील चुकीच्या आकारणीची लेखी तक्रार, ती आकारणी असलेले पहिले विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे पोहोचावी लागते. सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे सरकारने दिलेला ओळख क्रमांक, सांगून बसला असाल, तर लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांकडे आपली क्रेडिट नोंद गोठवावी, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याला सहजी कर्ज काढता येत नाही. त्याला पैसे पडत नाहीत. फसवणुकीची तक्रार एफटीसीकडे, म्हणजे संघीय व्यापार आयोगाकडे, ऑनलाइन करता येते.

आणि मुलांना एक कळकळीची विनंती आहे. आईवडिलांच्या हातून असे काही घडले, तर त्यांच्यावर ओरडू नका. परक्या देशात, मुलाच्या घरात, मुलाच्या पैशांनी झालेल्या चुकीने ते आधीच खजील झालेले असतात. त्यातून बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी कार्डाचा क्रमांक सांगितल्याचे ते आपल्यापासून लपवतील, आणि तक्रारीचे ६० दिवस आपल्याला कळण्यापूर्वीच निघून जातील.