आधी विचार, हे तुला कुठे मिळालं?

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय, म्हणजे झोप लागली नव्हती तुला. लिहिलंयस की "ताई, मी फक्त मला वाटलं ते बोलले आणि सगळे एकदम गप्प झाले." फोनवर हे नीट बोलता येणार नाही म्हणून बसून लिहितेय, जरा लांबेल, चहा घेऊन वाच.

तू म्हणालीस की टेक्स, ते इटालियन कॉमिक, म्हणजे अमेरिकन काउबॉय सिनेमांची नक्कल आहे. आता ज्या इटालियन मुलाला तू हे म्हणालीस त्याच्या घरात जाऊन बघ. टेक्स विलर आला 1948 साली, युद्ध संपून तीन वर्षं झालेली, लिहिणारा जानलुइजी बोनेल्ली आणि चित्रं काढणारा गालेप्पिनी, ज्याला सगळे गालेप म्हणतात. तेव्हापासून टेक्स थांबलेला नाही. म्हणजे त्या मुलाच्या आजोबांनी वाचलाय, वडिलांनी वाचलाय, आणि आता तो वाचतोय. आणि नक्कल म्हणायच्या आधी एवढं तरी बघ ना की हा टेक्स नावाहो लोकांचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळ रहिवासी जमातीचा, प्रमुख आहे, त्याला ते 'रात्रीचा गरुड' म्हणतात, त्याची बायको लिलिथ नावाहो, मुलगा किट तिचाच. ज्या काळात पडद्यावर रेड इंडियन दिसला की गोळी घालायची असं चाललेलं तेव्हा हा माणूस त्यांच्या बाजूने उभा होता, मला तरी ही गोष्ट फार मोठी वाटते. तुझं मत चुकीचं होतं असंही नाही गं, घाट वेस्टर्नचाच आहे, ते कोणी नाकारत नाही. पण तू चार अंक वाचून निकाल दिलास आणि समोरच्याचं अख्खं बालपण त्यात होतं.

म्हणून मला तुला एकच सांगायचंय. इटालियन माणसाशी कॉमिक्सबद्दल किंवा गाण्यांबद्दल बोलायला लागलीस की आधी मत देऊ नकोस, आधी विचार की हे तुला पहिल्यांदा कुठे मिळालं. बस एवढंच विचार आणि मग थांब, तो बोलेल. कारण तिकडे ही सगळी गोष्ट जागांना चिकटलेली आहे. कॉमिक्स म्हणजे फुमेत्ती, फुमो म्हणजे धूर, पात्रांच्या तोंडातून निघणारे ते बोलण्याचे फुगे धुराच्या पुंजक्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव, आणि ते विकत मिळायचं चौकातल्या एदिकोलात, म्हणजे आपल्याकडच्या पेपरच्या स्टॉलसारखं पण पक्कं बांधलेलं. ऑगस्टमध्ये सगळं कुटुंब समुद्रावर गेलं की बाबा स्वतःला पेपर घेणार आणि पोरांना एकेक अंक.

माझ्या एका मैत्रिणीने जेनोवात मला तिच्या भावाचा जुना टेक्स दाखवलेला. काळापांढरा, साधारण 16 बाय 21 सेंटिमीटर, कडेला चपटा कणा, मागे किंमत लिरामध्ये, तिकडच्या जुन्या चलनात. तिने मधलं पान उघडलं तर घडीतून चिमूटभर वाळू टेबलावर सांडली. ती काही बोलली नाही, बोटाने वाळू गोळा केली आणि परत त्याच पानात ठेवली. त्या अंकाची गोष्ट मला आज आठवत नाही, ती वाळू आठवते.

दुसरं उदाहरण देते, दियाबोलिक. काळा टाइट सूट, फक्त डोळे दिसणारा चोर, हातात सुरी आणि सुरी फेकली की चित्रात स्विस्स्स असा आवाज. हा 1962 च्या नोव्हेंबरात मिलानमध्ये आला आणि काढला कोणी, तर आंजेला आणि लुचाना जुस्सानी या दोन बहिणींनी. असं सांगतात की आंजेलाने कादोर्ना स्टेशनवर रोज ये-जा करणारी गर्दी बघितली आणि तिच्या डोक्यात आलं की यांना खिशात मावेल आणि प्रवासात संपेल असं काहीतरी पाहिजे. म्हणून तो अंक एवढासा, पानावर दोन-तीनच चित्रं, गाडी हलत असली तरी वाचता येईल असा. आपण लोकलचे लोक, आपल्याला हे कोणी वेगळं समजवायला नको. आणि तिसऱ्याच अंकात एवा कांट येते आणि त्याला गिलोटीनपासून ती वाचवते, 1963 साली, बाई हिरोला वाचवतेय. मिलानच्या कोणाशी बोलशील तेव्हा दियाबोलिक चांगला की वाईट यावर वाद घालू नकोस, तो कुठल्या गाडीत वाचायचास हे विचार.

आता माझं सांगते, कारण तुला वाटत असेल ताईला सगळं पहिल्यापासून येत होतं. फाब्रित्सिओ दे आंद्रे या इटालियन गायकाचा 1984 चा एक अल्बम आहे, 'क्रेउझा दे मा'. मी तेव्हा इटालियन शिकत होते, डिक्शनरी घेऊन बसले, एकही शब्द सापडेना. मी याच मैत्रिणीला लिहिलं की गाण्याचे शब्द बहुतेक चुकीचे छापलेत. तिचं उत्तर दोन आठवडे आलं नाही. मग आलं. तो सगळा अल्बम जेनोवाच्या बोलीत आहे आणि तिची आजी मरेपर्यंत तीच भाषा बोलत होती. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू, तिच्या आजीच्या भाषेला मी छपाईची चूक म्हणलेलं. मी माफी मागितली आणि विचारलं की क्रेउझा म्हणजे नेमकं काय, तर तिने चार पानं लिहिली, दोन्ही बाजूंना भिंती असलेली, उतरत समुद्राकडे जाणारी अरुंद वाट. मी म्हणलं अगं ही तर आमच्या कोकणातली पाणंद, दोन्हीकडे गडगे असलेली. तिथून आमची खरी मैत्री सुरू झाली, आजपर्यंत आहे.

बोलीचा विषय तिकडे अजून दुखरा आहे हे लक्षात ठेव. 2024 च्या सानरेमोला, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात मोठ्या गाण्यांच्या स्पर्धेला, जोलिए नावाचा नेपल्सचा मुलगा नापोलितानमध्ये, तिथल्या बोलीत गायला, दुसऱ्यांची गाणी गायच्या रात्री तो पहिला आला तर हॉलमधल्या लोकांनी शिट्ट्या मारून निषेध केला, शेवटी एकूण दुसरा आला. यावर कोणाशीही पटकन बाजू घेऊन बोलू नकोस. तू मालवणीत बोललीस म्हणून शाळेत मुली हसलेल्या, ते तू मला सांगितलंयस. ते सांग त्यांना. त्यांना ते कळेल.

तू भारतातली आहेस हे कळलं की पन्नाशीच्या पुढचे लोक लगेच सांदोकान म्हणतील, म्हणजे त्यांच्या जुन्या टीव्ही मालिकेतला चाच्यांचा सरदार, त्याचं गाणं गायलाही लागतील. चिडू नकोस प्लीज. 1976 साली राय या तिकडच्या सरकारी टीव्हीवर ती मालिका आली आणि आपला कबीर बेदी तिकडे घराघरात पोचला, त्याच्यावर तिथल्या लोकांचं अजून मनापासून प्रेम आहे. मूळ गोष्टी लिहिणारा साल्गारी व्हेरोनाचा, पूर्वेकडे कधी आलाच नाही, सगळं वाचून आणि नकाशे बघून लिहिलं. मला त्याच्याबद्दल माया वाटते. आणि त्यांना बदल्यात सांगायला तुझ्याकडेही एक गोष्ट आहे, शिवकाशीहून टेक्स तमिळमध्ये निघतो, लायन-मुत्तू कॉमिक्सवाले काढतात, आणि तिकडे त्याचे वाचक अक्षरशः वेडे आहेत. मी हे सांगितलं तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तीनदा विचारलं, तमिळ? तमिळ? आणि मग कव्हरचा फोटो मागितला.

अजून एक, तू त्यांच्यासमोर लहानपणापासून ऐकतेय वाचतेय असं भासवू नकोस. तू मोनेस्किन या इटालियन रॉक बँडमुळे आलीस ना, 2021 ला ते सानरेमो जिंकून मग रॉटरडॅमला युरोव्हिजन, ती युरोपभरच्या देशांची गाण्यांची स्पर्धा, जिंकले तेव्हा तू बारावीत होतीस, परीक्षा रद्द झालेली, घरात बंद, मोबाइलवर ते गाणं लागलं आणि शब्द न कळता तू ते पाठ केलंस. हे तुझं उत्तर आहे. कोणी विचारलं तुला कुठे मिळालं तर हेच सांग, बाकी काही रचू नकोस. शब्द न कळता गाणं यात लाजण्यासारखं काही नाही, चेलेंतानो या इटालियन गायकाने 1972 मध्ये नुसतं इंग्रजीसारखं ऐकू येणारं पण काहीच अर्थ नसलेलं गाणं काढलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं.

स्कॅन केलेले अंक मागत फिरू नकोस मात्र. एदिकोला एकेक करून बंद होतायत आणि या लोकांना ते फार लागतं. महिन्याला एक अंक विकत घे, जुना चालेल.

त्या मुलाला काय लिहायचं ते विचारलंयस. मोठी माफी वगैरे नको. एवढंच लिही की मी घाईत बोलले, मी चारच अंक वाचलेत, तुझ्याकडे पहिला टेक्स कोणी आणला होता? आणि त्याला विचार की टेक्स आणि त्याचा जोडीदार कार्सन कुठल्याही गावात पोचले की तीन बोटं जाड स्टेक आणि बटाट्याच्या फ्राइजचा डोंगर का मागवतात. यावर तो अर्धा तास बोलेल, मी लिहून देते.

फेब्रुवारीत सानरेमोच्या पाच रात्री मी जागी असणारे. तिकडे रात्री पावणेनऊच्या आसपास सुरू होतं म्हणजे आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो आणि संपतं तेव्हा दूधवाला येतो. पहिल्या रात्री माझ्याकडेच ये राहायला, आईला मी सांगते. जेनोवाची मैत्रीणही व्हिडिओ कॉलवर असेल, तिला तुझ्या पाणंदीचा फोटो दाखव, तुझ्या आजोळची आहे ना ती विहिरीकडे उतरणारी, तीच.

तुझी,
ताई