वाचकांचे प्रश्न : रस्त्याच्या थरांचे स्थिरीकरण

प्रश्न : सबग्रेडची (रस्त्याच्या तळाची) माती काळी, चिकट आहे; प्लास्टिसिटी इंडेक्स (चिकटपणाचा आकडा) 34. ठेकेदार सिमेंटच घालू म्हणतो. चुना बरा की सिमेंट?

उत्तर : चुनाच. एवढ्या चिकट मातीची ढेकळे फुटत नाहीत. सिमेंट त्यांच्या अंगाला बाहेरून लागते, आत माती कोरीच राहते आणि पाणी लागले की फुगते. चुन्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटून त्यांचे गुच्छ करते. दिवसभरात चिकटपणा उतरतो, माती भुसभुशीत होते.

ढोबळ नियम असा : 75 मायक्रॉन चाळणीतून 25 टक्क्यांहून जास्त माल जात असेल आणि इंडेक्स 10 च्या वर असेल, तर आधी चुन्याचा विचार करा. वाळूसर मातीत चुना वाया जातो. त्याला धरायला चिकणमातीच नसते. तिथे सिमेंट.

प्रमाण अंदाजाने ठरवू नका. 425 मायक्रॉनमधून चाळलेली 25 ग्रॅम माती 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात घ्या. वेगवेगळ्या बाटल्यांत 2 ते 6 टक्के चुना घालून तासभर अधूनमधून हलवा. ज्या सर्वांत कमी टक्क्याला पीएच 12.4 येतो, ते किमान प्रमाण. ताकद मात्र नमुने ठोकून, मुरवून, दाबून वेगळी तपासा.

समजा 5 टक्के आले. 200 मिमी थर, कोरडी घनता 1700 किलो प्रति घनमीटर धरली, तर चौरस मीटरला 17 किलो चुना, म्हणजे 25 किलोची गोणी साधारण दीड चौरस मीटरला. त्या मापाच्या चौकटी आखून गोण्या ठेवा. पहिल्या मिसळणीनंतर ओलावा राखून 24 ते 48 तास मुरू द्या, पुन्हा मिसळा, मग रोलर.

हमखास होणारी चूक : घनतेची तुलना कोऱ्या मातीच्या प्रॉक्टरशी (कमाल घनता आणि त्यासाठी लागणारे पाणी काढण्याची चाचणी) करणे. चुन्याने कमाल घनता उतरते, पाण्याची गरज वाढते. मिश्रणाचा प्रॉक्टर नसेल तर चांगली दबाईही नापास ठरते.

आणि मातीतले सल्फेट आधी तपासा. ते 0.3 टक्क्यांच्या वर असेल तर चुना आणि सिमेंट दोन्ही धोक्याचे. एट्रिंजाइट हे फुगणारे खनिज तयार होऊन काही महिन्यांनी रस्त्याला उंचवटे येतात.

प्रश्न : सिमेंट घातलेल्या बेसला (डांबराखालच्या थराला) दर चार-पाच मीटरवर आडव्या भेगा. सिमेंट कमी पडले का?

उत्तर : बहुधा जास्त झाले. ‘असू द्या दोन टक्के वर’ ही सवय इथे महागात पडते : थर कडक होतो, आकसतो, फाटतो. जादा पाणी आणि अपुरे क्युरिंग हेही तेच करतात. पाणी घातल्यापासून दोन तासांत दबाई संपवा, सात दिवस ओला ठेवा किंवा डांबराचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) फवारा. नवीन कामात एक ते तीन दिवसांनी व्हायब्रेटरी रोलरच्या दोन-तीन संथ फेऱ्या मारल्या तर मोठ्या भेगांऐवजी केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते. तुमच्याकडे वर डांबर घालण्याआधी भेगा भरून 100 मिमी खडीचा थर द्या. नाहीतर त्याच भेगा वर उमटतील.

प्रश्न : जुना डांबरी थर खरवडून पुन्हा वापरायचा आहे. त्यात चुना चालेल?

उत्तर : एकटा नको. फोम बिटुमेन (गरम डांबरात थोडे पाणी सोडून केलेला फेस) 2 ते 3 टक्के, सोबत सिमेंट 1 टक्का. मात्र 75 मायक्रॉनखालचा बारीक माल किमान 5 टक्के हवा. कमी असेल तर डांबर पसरत नाही, त्याचे धागे होतात.