गोदेचा खरा उगम कुठला?

प्रश्न : गेल्या श्रावणात सासूबाईंना घेऊन त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. त्यांना गोदावरीच्या उगमाचं पाणी तांब्यात भरून आणायचं होतं. एकाने कुशावर्त दाखवलं, दुसरा म्हणाला गंगाद्वारला जा, तिसऱ्याने ब्रह्मगिरीच्या माथ्याकडे बोट केलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून कुशावर्ताचंच पाणी आणलं. आता त्या देव्हाऱ्यातल्या तांब्याकडे बघून म्हणतात, "हे काही खरं नव्हे." खरा उगम कोणता? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तिघांपैकी कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही.

आधी कथा बघा. गोहत्येचा दोष जावा म्हणून गौतम ऋषींनी तप केलं आणि शंकराने जटा आपटून गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली. पण बाई एका जागी थांबेना. माथ्यावर दिसली नि गुप्त झाली, गंगाद्वारी पुन्हा दिसली, पुन्हा गुप्त. शेवटी गौतमांनी दर्भाने, म्हणजे कुशाने, तिला अडवलं, ते कुशावर्त. म्हणजे तीन जागा कथेतच आहेत.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगते. ब्रह्मगिरी हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला काळा पहाड. माथ्यावर पावसाळ्यात धो धो पडणारं पाणी भेगांतून आत मुरतं. खाली घट्ट थर लागला की त्याला आणखी खोल जाता येत नाही, मग ते आडवं सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पाझरतं. वर दिसणं, मधे गायब होणं, खाली पुन्हा दिसणं ही पाझराची नेहमीची चाल. गौतमांची गोष्ट मुलांना सांगून मग फळ्यावर थर काढले की धडा पुन्हा शिकवावा लागत नसे.

माझी आजी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची. लहान फेरी म्हटली तरी वीस किलोमीटर. ती परत आली की तळव्यांतले काटे मी सुईने काढायचे. पाणी मात्र तीही कुशावर्ताचंच आणायची. सिंहस्थात शैव आखाड्यांचे साधू स्नानाला तिथेच उतरतात, वैष्णव नाशकात रामकुंडावर. आजी म्हणायची, साधूंना चालतं ते माझ्या देव्हाऱ्याला चालेल. सासूबाईंना हे जरूर सांगा, माझ्या थरांपेक्षा आजीचं त्यांना लवकर पटेल.

मला खुपतं ते वेगळंच. कुशावर्तातून पुढे निघालेली ही नदी त्र्यंबक गावात स्लॅबखाली गेली आहे. चौथ्यांदा गुप्त झाली म्हणायची! पुढे ती 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटर.

तरी सासूबाईंचं मन राहत नसेल तर पाऊस ओसरल्यावर तुम्ही एकटे जा. गंगाद्वारच्या सातशेच्या वर पायऱ्या आहेत. तिथे गोमुखातून पाणी बारीक धारेने येतं, तांब्या भरायला वेळ लागतो. ऊन चढायच्या आत वर पोचा. आणि फुलांची, केळ्यांची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, पहिल्या वळणावरच माकडं ती घेऊन जातील.