सोलापुरात नर्सिंग केलं तर पुढे काही भवितव्य आहे का, की मुलीला पुण्यालाच पाठवावं?

तुमचं म्हणणं असं दिसतंय: मुलगी बारावी सायन्स झाली, बी.एस्सी. नर्सिंगला जायचं म्हणते, घर अक्कलकोट तालुक्यात. आणि सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं, लहान, त्याची डिग्री बाहेर कोण विचारणार, ही तुमची काळजी. मी सोलापुरातच शिकले, इथेच एका आयसीयूत स्टाफ नर्स आहे, म्हणून लिहिते.

ती काळजी सोडूनच द्या. नर्सिंगची डिग्री सोलापूर विद्यापीठ देतच नाही. राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. सोलापूरच्या मुलीच्या मार्कशीटवर जे नाव, तेच मुंबईत जे.जे.ला शिकलेल्या मुलीच्या. कराड, पुण्याकडची अभिमत विद्यापीठं स्वतःची डिग्री देतात, पण त्यांची फी आधी विचारून घ्या. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि नोकरी देणारा पहिल्यांदा तो रजिस्ट्रेशन नंबर विचारतो. कॉलेज कुठल्या गावातलं, हे नंतर कधीतरी चहा पिताना निघतं.

बघायचं असेल तर कॉलेजमागचं हॉस्पिटल बघा. नियमाप्रमाणे स्वतःचं 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं. खाटा कागदावर असतात, पेशंट असतातच असं नाही. इमारत, लायब्ररी, लॅबमधला पुतळा प्रिन्सिपॉल मॅडम दाखवतीलच. तुम्ही गेटबाहेर युनिफॉर्ममधल्या एखाद्या थर्ड इयरच्या मुलीला गाठा आणि विचारा, या महिन्यात पोस्टिंग कुठे आहे, सिव्हिलला जाता का, लेबर रूममध्ये स्वतः किती केसेस केल्या. ती भराभर सांगायला लागली तर कॉलेज बरं आहे. घुटमळली, तर दुसरं शोधा.

सोलापूरला शिकण्यात एक फायदा आहे, तो लोकांना दिसत नाही. सिव्हिलला नुसता आपला जिल्हा येत नाही. धाराशिवकडचे येतात, कर्नाटकातून इंडी, विजयपूरकडचे येतात. समजा मे महिना आहे, उलट्या-जुलाबाने बेजार झालेली विडी कामगार म्हातारी खाटेवर पडलीय. अंगातलं पाणी गेलंय, हातावरच्या शिरा बसल्यात, आणि बोलते फक्त तेलुगू. दंडाला पट्टा बांधून, बोटाच्या टोकाने चाचपत शीर शोधायची. डोळ्याला ठळक दिसते ती पुष्कळदा सुई लागताच सरकते. बोटाखाली स्पंजासारखी दबून परत वर येते ती धरायची. हे करता करता "एक्कड नोप्पी?" म्हणून दुखतंय कुठे तेही विचारायचं. पुढच्या खाटेवर हेच कानडीत. डिग्री होईपर्यंत दोन्ही भाषा कामापुरत्या येतात, त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही. पुण्यात मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला गेलेल्या माझ्या मैत्रिणी सांगायच्या, तिथे विद्यार्थिनींना बरंचसं लांबूनच बघावं लागतं, कारण पेशंट बिल भरणारा असतो.

नोकऱ्यांचं सांगते. खाजगीत सुरुवातीचा पगार कमीच, त्यात शंका नाही. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेल्या मुलींचा पहिल्या वर्षी बहुतेक पगार खोली आणि मेसमध्येच जातो. सरकारीत गोष्ट वेगळी. राज्याच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन 35,400 पासून, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं 44,900 पासून, वर भत्ते. एम्ससाठी नॉरसेट नावाची परीक्षा असते. रेल्वे, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा रुग्णालयांच्या जागाही निघतात. गावाजवळ राहायचं असेल तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. पद कंत्राटी आहे, पण बी.पी., शुगर, गरोदर बायका, सगळं उपकेंद्र तिच्या हातात असतं. मिलिटरी नर्सिंगला गेली तर लेफ्टनंट म्हणून लागते. एम.एस्सी. केली तर कॉलेजात शिकवता येतं.

परदेश म्हणाल तर दार उघडं आहे, पण प्रत्येकाची किल्ली वेगळी. अमेरिकेला एनक्लेक्स नावाची परवाना परीक्षा, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा आणि वर त्यांच्या कौन्सिलच्या दोन परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा, आखातात कागदपत्रांची मूळ ठिकाणाहून पडताळणी. बहुतेक ठिकाणी अनुभवही मागतात. आणि वॉर्डात किती तास काम केलं हे दाखवणारं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून लागतंच. म्हणून "हजेरी नको, परीक्षेला या" म्हणणारा एजंट घरी आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या कॉलेजांसाठी असे लोक आपल्याकडे जूनमध्ये हमखास फिरतात.

नाइट ड्युटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाप म्हणून मनात असणार. नाइट असतेच, लग्नानंतरही असते. स्थळ बघताना हे आधीच बोलून घ्यावं लागतं, आमच्या बॅचच्या मुलींनी घेतलं. रात्री वॉर्डात एकटं वाटायला फुरसत नसते. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना खाट क्रमांक एकपासून सगळं तोंडपाठ लागतं: सलाइन किती उरलं, युरिन बॅगेत किती आलं, ड्रेनचा रंग कसा, बी.पी. पडलं तेव्हा डॉक्टरांना किती वाजता फोन केला. एक आकडा चुकला तर इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर विचारते.

प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी हवं. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूत रांग लागते.

नंबर नाहीच लागला तर तीन वर्षांचं जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करू द्या. मग नोकरी सांभाळून पैसे साठले की दोन वर्षांचा पोस्ट बेसिक कोर्स करून बी.एस्सी.ची डिग्री मिळते. आमच्या आयसीयूच्या इनचार्ज याच वाटेने आल्या, आणि फ्रेश बी.एस्सी. झालेल्या मुली व्हेंटिलेटर त्यांच्याकडूनच शिकतात.